एकशे चव्वेचाळिसावं घर

ता. ६ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सोबतचा बदलीचा छापील अर्ज पोचला. माझा हुद्दा, नोकरीची वर्षं, सगळं तुझ्या सुबक अक्षरात भरलेलं बघून हसू आलं. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, आता बहिणीलाच पाटीवर बसवायला निघालास की काय? सहीची जागा तेवढी मोकळी सोडलीस, हे उपकार. अर्ज औषधांच्या कपाटात ठेवलाय. सही केलेली नाही. रागावू नकोस.

कारण इथे एक संकट उभं राहिलंय. वरच्या कार्यालयातून पत्र आलंय की ज्या उपकेंद्रांत माणसं कमी येतात ती बंद करायची आणि तिथल्या लोकांनी मोठ्या दवाखान्यात जायचं. आमच्याकडे दिवसाला सरासरी सात माणसं येतात असं त्यांच्या कागदावर आहे. ते खोटं नाही. पण मोठा दवाखाना दोन डोंगरांपलीकडे, चालत पाच तास. बस दिवसातून एकदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीने. जिला कळा सुरू झाल्यात तिने काय थांब्यावर जाऊन बसायचं? उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना हे कोण सांगणार! अठ्ठावीस तारखेला एक मोठ्या डॉक्टरीणबाई तपासणीला येणार आहेत. त्या लिहितील त्यावर केंद्र राहायचं की जायचं ते ठरेल.

माणसं केंद्रात येत नाहीत कारण मीच त्यांच्याकडे जाते. लहानपणी तू माझं नाव भिंगरी ठेवलंस ते उगाच नाही. सकाळी केंद्रात बसते आणि दुपारपासून तिन्ही वस्त्या पायी फिरते. दारात बसून बाळाचं वजन करते, म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघते, गोळ्या देते. पण सरकारी वहीत रकाना आहे तो ‘केंद्रात आलेल्यां’चा. घरी जाऊन बघितलेल्यांना रकानाच नाही. त्यांच्यासाठी माझी भिंत आहे. तपासणीच्या खोलीतल्या लांब भिंतीवर मी खडूने सगळी गावठाणं काढली आहेत, एकशे त्रेचाळीस घरं. पोटुशी बाई असेल त्या घरावर लाल गोल, लस राहिलेलं बाळ असेल तिथे पिवळी रेघ, रक्तदाबाची रोजची गोळी चालू असेल तिथे निळा ठिपका. महिनोन्‌महिने खोकल्याचं औषध घेणाऱ्यांची खूण मात्र भिंतीवर नाही, ती माझ्या बटव्यातल्या वहीत. लोकांच्या जिभेला हाड नसतं.

खुणेचा एक नियम आहे. आधी माणसाला विचारायचं, मगच खूण करायची. हा नियम मी अक्कलखाती शिकले. पहिल्याच वर्षी एका सुनेच्या घरावर लाल गोल काढला आणि तिच्या सासूला आनंदाची बातमी सुनेऐवजी भिंतीकडून कळली. सासू महिनाभर माझ्याशी बोलली नाही!

आता तुझ्याकडे काम. केंद्राच्या दारावरची पाटी पार उडाली आहे. ‘आरोग्य’ गेलंय, नुसतं ‘केंद्र’ उरलंय. डॉक्टरीणबाई येण्याआधी बाहेरून तरी जरा नीटनेटकं दिसावं. थोडा रंग आणि अक्षरांचा साचा पाठवशील का? हात चालवायला आमचे शिपाईकाका आहेत.

डोकं सकाळपासून ठणकतंय, म्हणून आवरतं घेते. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, अर्जावर सही नाही म्हणून तो कमी करू नये.

तुझी
भिंगरी

*

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रंग, कुंचले आणि साचा बसने पाठवलाय, ड्रायव्हरच्या मर्जीने पोचेल. बाहेरच्या भिंतींना पांढरा दोन हात पुरेल. पाटीला निळा ऑइलपेंट दिलाय. काकांना सांग, साचा धरताना हात हलला तर अक्षर पसरतं. पांढऱ्याचा एक डबा जास्त टाकलाय. माझ्या उस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं की काम अर्ध्यावर असताना रंग संपला तर कारागिराची अब्रू जाते. तेव्हापासून मी सगळंच एक जास्त घेतो. तुझी वहिनी म्हणते, एक बायको जास्त नाही केलीत हे नशीब. मी म्हटलं, हीच दोघींच्या वरताण आहे.

आता माझं ऐक. केंद्र राहावं म्हणून तू जिवाचं रान करतेस, ते दिसतंय मला. तुझा अभिमान आहे. पण तू त्रेपन्न वर्षांची झालीस. एकटी राहतेस. एकशे त्रेचाळीस घरांचं कोण बघतं, तर तू. आणि तुझं कोण बघतं? उद्या तू आजारी पडलीस तर तुला पाणी कोण देणार? या प्रश्नाचं उत्तर तू तीन वर्षं टाळते आहेस. इथे दुकानामागची खोली मी रिकामी केली आहे. खिडकीला नवीन गज बसवलेत. शहरातल्या दवाखान्यात जागा आहेत. आमचे शेजारी त्या खात्यात आहेत, त्यांनी स्वतः सांगितलं. तू फक्त सही कर.

वहिनीने खास लिहायला सांगितलंय: गेल्या चार पत्रांत चारदा तुझं डोकं दुखलंय. तिने मोजलंय. स्वतःला दाखवून घे. दुकानात खूप काम आहे, माझा गुडघा कुरकुरतोय, शिडीवर चढायची बंदी आहे. बाकी सगळं ठीक.

आशीर्वाद आहेतच, पण उत्तराची वाट बघतोय हे विसरू नये.

तुझा
दादा

*

ता. २४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या त्या जास्तीच्या डब्याने घात केला रे!

रंग पोचला त्याच दिवशी मला वरच्या वस्तीत बाळंतपणाला जावं लागलं. अवघडलेलं होतं, पाय आधी. दीड दिवस तिथेच होते. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, मुलगी झाली, आवाज असा की तुझ्या दुकानापर्यंत ऐकू यावा. मी नाही म्हणून शिपाईकाकांनी आणि गावातल्या सात-आठ जणांनी ठरवलं की बाईंना परत आल्यावर चकित करायचं. बाहेरच्या भिंती झाल्या, पाटी झाली. अक्षर जरासं पसरलंय पण ‘आरोग्य’ परत आलं. आणि मग एक डबा उरला. उघडलेला रंग वाळून वाया जाईल, एवढ्या लांबून भावाने पाठवलेला, म्हणून काकांनी तो आत वापरला. तपासणीची खोली. लांब भिंत. ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून वर दोन हात.

मी दारात उभी राहिले. समोर दुधासारखी पांढरी भिंत. काका कौतुकाची वाट बघत कुंचला हातात धरून उभे. मी म्हटलं, छान झालंय. दुसरं काय म्हणणार? बिचाऱ्यांच्या भुवयांनासुद्धा रंग लागला होता. मग माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना कळलं. ते म्हणाले की त्यांना वाटलं, भिंतीवरचं सगळं बाईंच्या डोक्यात आहे, खडू नुसता शोभेला. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. पण कागद घेऊन आठवायला बसले तर दोन वस्त्या आठवल्या आणि खालच्या वस्तीतली पंधरा-वीस घरं काही केल्या येईनात. कोणाची लस कधीची, कोणाची गोळी कितीची, ते वह्यांतून निघेल, पण तारीखवार लिहिलेल्या चार वर्षांच्या वह्या उलटून घरवार लावायला महिना पाहिजे. माझ्याकडे चार दिवस आहेत.

डॉक्टरीणबाईंना दाखवायला माझ्याजवळ ती भिंतच होती, दादा. आता त्यांना दिसेल पांढरीस्वच्छ खोली आणि दिवसाला सात माणसं. मी त्यांच्या जागी असते तर मीही कुलूप लावलं असतं.

तुझ्यावर राग नाही. होता, काल संध्याकाळपर्यंत होता, पण तू समोर नसल्यामुळे तो नीट काढता आला नाही. डोक्याचं म्हणशील तर ते रंगाच्या वासाने दुखतंय, वहिनीला सांग मोजणं थांबव.

लोभ राहू दे, डबे आवर.

तुझी
भिंगरी

*

ता. २७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. उद्याच तपासणी, म्हणजे हे पत्र तुला सगळं होऊन गेल्यावर मिळणार. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

चाळीस वर्षांत माझ्या रंगाने कोणाचं नुकसान केलं नव्हतं. केलं ते सख्ख्या बहिणीचं. बसने येतो म्हणालो तर वहिनीने माझा गुडघा माझ्यासमोर ठेवला, म्हणजे क्ष-किरणाचा फोटो.

आणखी एक गोष्ट आहे. ती लपवली तर मी भाऊ कसला. तुझं पत्र वाचताना पहिल्यांदा वाईट वाटलं, आणि लगेच त्याच्या मागून मनात आलं की बरंच झालं. केंद्र बंद झालं तर पोर घरी येईल. मी उठून मागच्या खोलीची खिडकीसुद्धा उघडून बघितली. मग माझी मलाच लाज वाटली. कोणाचं तरी पाय आधी आलेलं बाळ आज जिवंत आहे आणि मी गज मोजतोय. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, एवढंच नशीब की तुम्हाला लाज वाटली, आता तेच लिहा. म्हणून लिहिलं.

काय झालं ते कळव. जे होईल त्यात तुझा दादा तुझ्या बाजूने आहे, उशिरा का होईना.

तुझा
दादा

*

ता. ३१ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. लाज वाटून घेऊ नकोस. मी घरी यायची कोणी इतकी वाट बघतं म्हटल्यावर बरंच वाटलं. आता शांतपणे बसून वाच, खूप सांगायचंय.

तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शिवणवाल्या ताई आल्या. त्यांच्याबद्दल मागे लिहिलं होतं, माप घ्यायला त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही, म्हणून मी त्यांना रक्तदाबाचं यंत्र चालवायला शिकवलंय. काकांनी गावभर आपली चूक रडत सांगितली होती. ताईंनी खिशातून कापडावर खुणा करायचा निळा खडू काढला, भिंतीपाशी गेल्या आणि आपलं घर काढलं. दारासकट. शेजारी सासऱ्यांच्या गोळीचा निळा ठिपका. मग म्हणाल्या, माझं झालं, दुसरीला पाठवते.

आणि दादा, रांग लागली! तीन दिवस बायका येत होत्या, आपापलं घर काढायला. काकांनी कोळसा आणला, मी रंगीत खडू दिले. एक म्हणाली तिचं दार विहिरीकडे आहे, दुसरी म्हणाली विहीरच चुकीच्या जागी आहे. एकीने आपलं छप्पर शेजारणीच्या दुप्पट काढलं, त्यावर तासभर वाद. खालच्या वस्तीतली जी घरं मला आठवत नव्हती ती एका म्हाताऱ्या आजींनी काठीने दाखवत एका दमात सांगितली. माझ्याशी महिनाभर न बोललेली ती सासू आली आणि सुनेला विचारून, हो, विचारून, दुसऱ्या खेपेचा लाल गोल स्वतः काढून गेली. एका पोरीने सांगितलं की पलीकडच्या घरातलं बाळ मामाकडे गेलं होतं तेव्हा त्याची लस राहिली. ते माझ्या जुन्या भिंतीवर नव्हतंच.

अठ्ठावीसला डॉक्टरीणबाई आल्या त्या लंगडत. जीपने निम्म्या चढावर मान टाकली, म्हणून उरलेली वाट चालत, शहरी बुटांत. दोन्ही टाचांना फोड. मी पट्टी बांधली तर त्यांनी स्वतःच वही पुढे ओढून आपलं नाव त्या दिवसाची आठवी रुग्ण म्हणून लिहिलं. तेव्हाही भिंतीपाशी पाच-सहा बायका होत्या, खालची वस्ती पुरी व्हायची होती. बाईंनी मला काहीच विचारलं नाही. बायकांना विचारलं, ही रेघ कसली, हा गोल कसला. मी एका कोपऱ्यात उभी. सगळं बायकांनीच सांगितलं, एकमेकींच्या चुका काढत, दुरुस्त करत.

घरं पुरी झाली. काकांनी मोजली, एकशे त्रेचाळीस. तर शिवणवाल्या ताई म्हणाल्या की एक राहिलं. काकांनी पुन्हा मोजली. ताईंनी भिंतीच्या मधोमध केंद्र काढलेलं होतं, त्याच्या पाठीला एक छोटासा चौकोन चिकटवला. माझी खोली. दादा, चार वर्षं मी ती भिंत रोज बघितली आणि आपलं घर त्यावर नाही हे माझ्या कधी ध्यानातसुद्धा आलं नाही.

मग त्या यंत्र घेऊन माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, बाई किती दिवस कपाळ दाबत फिरतात ते सगळ्यांना दिसतंय, फक्त बाईंना दिसत नाही. सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? वरचा एकशे सत्तर, खालचा शंभर. त्यांना पटेना, पाच मिनिटं थांबून परत माप घेतलं. तेवढाच. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे असं बघितलं की शाळेतल्या बाई आठवल्या.

ताईंनी निळा खडू उचलला. पण खूण केली नाही. खडू हातात धरून माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, लावू का म्हणून. माझाच नियम! खोलीत सगळ्याजणी माझ्या तोंडाकडे बघत. मला एकदम रडू फुटलं. मी मान हलवली. तर त्या म्हणाल्या की मानेने चालत नाही, बाईंनी शिकवलंय, तोंडाने हो म्हणावं लागतं. मी हो म्हटलं.

तेव्हापासून गोळी चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिली. रोज सकाळी कोणीतरी येऊन विचारतं, घेतली का. काका तर पाण्याचा पेला घेऊनच उभे असतात. तू विचारलं होतंस ना, पाणी कोण देणार?

बाई जाताना म्हणाल्या की त्या लिहिणार आहेत, कागदावरचे सात म्हणजे चालत आलेले, बाकीच्यांकडे केंद्र चालत जातं. वहीत नवीन रकाना मागणार आहेत. हुकूम लेखी यायचाय, तोवर जीव टांगणीला. पण झोप लागते आहे.

वहिनीला सांग, तिचं मोजणं बरोबर होतं. माझं चुकलं. लोभ आहे तसा असावा, आणि गुडघ्यावर तेल चोळावं.

तुझी
भिंगरी

*

ता. ११ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोन केलास त्यातली तीनच वाक्यं ऐकू आली. हुकूम आला, केंद्र राहिलं, आणि जिना हलतोय. तिसऱ्यावरून वहिनीला कळलं की तू रेंजसाठी पुन्हा पाण्याच्या टाकीवर चढलीस. एकशे सत्तर रक्तदाब घेऊन! मी आनंदाने ओरडत होतो आणि ती रागाने, शेजाऱ्यांना वाटलं घरात भांडण झालं. तिने सांगितलंय की यापुढे बातमी कितीही चांगली असली तरी ती जमिनीवरून द्यायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असंही म्हणाली.

तुझं आधीचं पत्र मी तिला वाचून दाखवत होतो. खडू हातात धरून त्या ताई थांबल्या, तिथे मी पत्र तिच्या हातात दिलं. पुढचं तिने वाचलं. ती वाचून झाल्यावर उठली आणि मागच्या खोलीची खिडकी लावून आली. म्हणाली, धूळ येते उगाच. खोली तुझीच आहे, सुट्टीत ये, कितीही दिवस राहा. पण आता मी वाट बघणार ती पाहुणीची.

हा कागद उलटून बघ. बदलीचा अर्ज आहे. तुझ्याकडे पाठवला त्याच वेळी मी सवयीप्रमाणे एक प्रत जास्त आणली होती, तीही भरून ठेवली होती. चांगला जाड कागद, वाया कशाला घालवायचा? पत्राला कामाला आला. तुझ्या कपाटातल्या प्रतीत गोळ्या बांध.

गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी महिनाअखेर प्रवासाला परवानगी दिली, शिडीला नाही. तर मी येतोय, वहिनीसकट. शिवणवाल्या ताईंना आणि काकांना सांग. घरांच्या रेघा मी ऑइलपेंटने पक्क्या करून देतो, एकशे चव्वेचाळीस, म्हणजे पुन्हा कोणी प्रेमाने पुसली तरी पुसली जाणार नाहीत. मोजून लागेल तेवढाच रंग आणणार, थेंब जास्त नाही, उस्तादांनी माफ करावं. तुझं घर मी स्वतः काढणार, खिडकीच्या गजांसकट.

फक्त निळ्या ठिपक्याला मी रंग लावणार नाही. तो त्या ताईंच्या खडूचाच राहू दे. गोळी वेळेवर घेतलीस तर एक दिवस पुसायला सोपा जाईल. आणि पुसायच्या आधी त्यांना विचार.

तुझा
दादा